जान, जमीन आणि जाहीरनामा

श्रावण लागला की पुण्यातल्या कुटुंबांचे पाय आपोआप मुळशीकडे वळतात. पौड मागे पडते, ताम्हिणीचा घाट जवळ येऊ लागतो आणि डोंगरांच्या कुशीत पसरलेले ते अफाट पाणी दिसते. मुले टाळ्या पिटतात, मोठी माणसे भाजलेल्या कणसांचा भाव करतात, आणि कोणीतरी म्हणतेच, "काय सुरेख तलाव आहे हो!" तो तलाव निसर्गाचा नव्हे, माणसाने बांधलेल्या धरणाचा, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच्या तळाशी गावे होती, हे थोड्यांना माहीत असते. पण त्या गावांनी शंभर वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात पुढे साऱ्या जगाची कित्येक दशके गेली, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते.

'मानवी हक्क' हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे जिनीव्हा किंवा न्यूयॉर्क उभे राहते. मोठमोठी सभागृहे, निरनिराळ्या देशांचे झेंडे, कानाला यंत्रे लावून भाषणे ऐकणारे प्रतिनिधी! वर्षातून एकदा, १० डिसेंबरला, मुलांच्या शाळेत त्यावर निबंध असतो. तो लिहून झाला की विषय संपला. आपल्या स्वयंपाकघराशी, आपल्या विजेच्या बिलाशी त्याचा काही संबंध असेल, असे मनातही येत नाही.

मी मराठीची प्राध्यापिका. कायदा हा माझा प्रांत नव्हे. पण शब्दांचा माग काढायची खोड जडलेली, आणि 'हक्क' या शब्दाच्या मागे लागता लागताच मी मुळशीला येऊन पोचले. 'हक्क' हा मूळचा अरबी शब्द. त्या भाषेत त्याचा अर्थ 'सत्य' असाही होतो. आपल्या जुन्या कागदपत्रांत तो पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, बलुतेदाराचा हक्क असा येतो. म्हणजे तो वतनाला, कामाला किंवा घराण्याला चिकटलेला असे. ज्याला वतन नाही त्याचा हक्क कसला? केवळ माणूस म्हणून जन्माला आल्यामुळे मिळणारा, कोणी दिलेला नसल्यामुळे कोणाला काढूनही न घेता येणारा हक्क, ही कल्पना त्या मानाने अगदी अलीकडची आहे.

मावळ्यांचा सवाल

पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ. मुंबईच्या गिरण्यांना, ट्रामगाड्यांना आणि नव्याने येऊ घातलेल्या विजेच्या आगगाड्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने खोपोलीला पाण्यापासून वीज काढण्याचा प्रयोग १९१५ सालीच यशस्वी केला होता. आता मुळशी पेट्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पूर्वेकडे वाहणारे ते पाणी पश्चिमेकडे वळवायचे आणि सह्याद्रीच्या कड्यावरून दीड हजार फुटांहून अधिक खाली, कोकणात भिरा येथे सोडून वीज निर्माण करायची, अशी योजना आखली गेली. योजना खरोखरच मोठी होती. कोळसा वाचणार होता, धूर कमी होणार होता, देशी उद्योगाला बळ येणार होते. योजना आखणारे कोणी दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण दुष्टांशी भांडण सोपे असते.

अडचण एवढीच होती, की त्या खोऱ्यात माणसे राहत होती. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनींवर पाणी येणार होते. आंबेमोहोर भात पिकवणारी ती खाचरे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, कंपनीसाठीही सरकारला जमीन सक्तीने घेता येईल, अशी सोय होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच शेतांत खणाखणी सुरू झाली आणि मावळे खवळले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट ही या लढ्यातली दोन ठळक नावे. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून आपण रोज जातो, पण ते कोणत्या सेनेचे सेनापती होते, हे मुलांनी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ती सेना भाताची खाचरे राखणाऱ्या शेतकऱ्यांची होती. तिची घोषणा तीन शब्दांची होती: जान किंवा जमीन!

गांधीजींनीही त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त मुळशीवर लिहिले. एका जरी गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध हे लाभ पदरात पडणार असतील, तर त्या लाभांना किंमत काय, असा त्यांचा रोख होता. कंपनीने कायद्यावर बोट न ठेवता लोकांशी बोलून मार्ग काढावा, असे त्यांनी सुचवले. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. सत्याग्रही तुरुंगात गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. हळूहळू लढा ओसरत गेला. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. अहिंसेची वाट सुटली, माणसे जखमी झाली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. गावे गेली ती गेलीच.

दाद मागायची कोणाकडे?

या हकिगतीत मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. या माणसांवर अन्याय झाला असे धरून चालू. पण त्याची दाद त्यांनी मागायची कोणत्या दारात?

कायद्याच्या दारात? कायदा तर जमीन घेणाऱ्याच्या बाजूचा होता. त्यात किमतीबद्दल तक्रार करता येई. 'मला जमीन द्यायचीच नाही' या तक्रारीला त्यात जागा नव्हती. सरकारच्या दारात? सरकार परके, आणि जमीन मिळवून देणारे तेच. जगाच्या दारात? १९२० साली राष्ट्रसंघ स्थापन झाला होता आणि हिंदुस्थान त्याचा मूळ सभासद होता, हे वाचून आज नवल वाटेल. पण तिथे आपले प्रतिनिधी इंग्रज सरकार पाठवी. आणि एखाद्या माणसाला स्वतःच्या सरकारविरुद्ध तिथे गाऱ्हाणे मांडता येईल, अशी कल्पना राष्ट्रसंघाच्या सनदेत नव्हती. आपल्या प्रजेशी कसे वागावे हा ज्या त्या सरकारचा घरगुती प्रश्न, अशीच तेव्हाची समजूत होती.

हक्कांचे जाहीरनामे त्याआधी झाले नव्हते असे नाही. १२१५ साली इंग्रज सरदारांनी राजाकडून सनद लिहून घेतली. १७७६ साली अमेरिकेने आणि १७८९ साली फ्रान्सने माणसे जन्मतः समान असल्याचे जाहीर केले. पण अमेरिकेतल्या त्या 'माणसां'त गुलाम नव्हते, फ्रान्समधल्या नागरिकांत स्त्रिया नव्हत्या, आणि समुद्रापलीकडच्या वसाहतींतली रयत तर कोणाच्याच हिशेबात नव्हती. हक्कांचा इतिहास म्हणजे या 'माणूस' शब्दाची कवाडे एकेक करून उघडत जाण्याचा इतिहास आहे.

घाटाखालचे दुसरे पाणी

त्यातले एक कवाड आपल्याकडेच उघडले. मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरू लागले त्याच १९२७ साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो अस्पृश्य बांधवांनी पाणी प्याले. त्या वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि त्या परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध समतेचा जाहीरनामा संमत केला. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा निघायला अजून एकवीस वर्षे अवकाश होता!

मुळशी आणि महाड ही दोन नावे शेजारी ठेवली की मानवी हक्कांची दोन्ही अंगे दिसतात. मुळशीत माणूस उभा होता तो सरकार आणि कंपनी यांच्यासमोर. महाडला तो उभा होता शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, आपल्याच समाजासमोर. एका ठिकाणी पाण्याने माणसांना हुसकले, दुसऱ्या ठिकाणी माणसांनी माणसांना पाण्यापासून हुसकले. हक्क हे केवळ सरकारच्या विरुद्ध मागायचे असतात असे समजून आपण मध्यमवर्गीय मंडळी निर्धास्त राहतो. पण ते कधी कधी आपल्याच विरुद्धही मागितले जातात.

एका शब्दाची दुरुस्ती

दुसऱ्या महायुद्धाने ती 'घरगुती प्रश्ना'ची समजूत मोडीत काढली. एखादे सरकार स्वतःचेच लाखो नागरिक ठार मारू शकते, हे जगाने पाहिले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. अठ्ठेचाळीस देश बाजूने, विरुद्ध एकही नाही, आठ तटस्थ. एकूण कलमे तीस.

जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमाची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते, कारण ती व्याकरणाच्या तासाला शोभणारी आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात सर्व 'पुरुष' समान आहेत, असा अर्थ होऊ शकेल असा शब्द होता. पुरुषवाचक शब्दात स्त्रिया आल्याच, असे अनेकांचे म्हणणे. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी मात्र आग्रह धरून तिथे 'सर्व मानव' हा अर्थ निःसंदिग्ध करणारा शब्द घालायला लावला. मुंबईच्या कायदेमंडळात आणि आपल्या घटना समितीत काम केलेल्या या बाईंना ठाऊक होते, की जे नाव घेऊन सांगितलेले नसते ते पुढे नाकारले जाते. आपल्या भाषेत 'माणूस' पुल्लिंगी आणि 'माणसे' नपुंसकलिंगी. त्यामुळे अनेकवचनात तरी मराठी आधीपासूनच न्यायी आहे, असे म्हणायला हरकत नाही!

विनोद राहू द्या. या जाहीरनाम्याच्या मुळाशी असलेल्या कल्पना तीन-चारच आहेत. हक्क सार्वत्रिक आहेत, म्हणजे सर्वांचे आहेत. ते अविच्छेद्य आहेत, म्हणजे बहुमतालाही ते काढून घेता येत नाहीत. ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पोटाला नसेल तर मताला काय अर्थ, आणि मत नसेल तर पोटासाठी भांडायचे कसे? आणि प्रत्येक हक्काला समोर कर्तव्य असलेला कोणीतरी हवा. तो प्रथम म्हणजे सरकार. 'बहुतांचे हित' या शब्दांनी एखाद्याचे सर्वस्व घेता येते का, या मुळशीच्या प्रश्नाला इथे निदान शब्द मिळाले.

मालक नसलेल्याचे काय?

पण उत्तर अजून पुरे झाले नव्हते. या जाहीरनाम्याचे सतरावे कलम सांगते, की कोणाचीही मालमत्ता मनमानीने हिरावून घेऊ नये. गंमत अशी, की फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यातही मालमत्तेचे कलम सतरावेच आहे. दोन्हींत मान आहे तो मालकाला. आता मुळशीकडे पाहा. तिथल्या अनेक जमिनी सावकारांकडे गेल्या होत्या. कसणारा शेतकरी पुष्कळदा कूळ होऊन बसला होता. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो कसून अभ्यास केला, त्यात ही फूट स्पष्ट दिसते. पुण्याच्या सावकाराला चांगला मोबदला मिळाला की त्याचे काम झाले. जमीन हे त्याचे भांडवल होते. कुळाला, शेतमजुराला, कातकऱ्याला, गावच्या सुताराला जमीन म्हणजे उद्याचा घास. कागदावर नाव नसल्यामुळे मोबदल्याच्या यादीत तो नव्हता, आणि यादीत नसल्यामुळे त्याचे काही गेलेच नव्हते!

१९६६ साली संयुक्त राष्ट्रांनी दोन करार केले, एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारताने १९७९ साली ते मान्य केले. या करारांत मालमत्तेच्या हक्काचे कलम घातले गेले नाही. पण कोणत्याही जनसमूहाची उपजीविकेची साधने हिरावून घेता कामा नयेत, असे तत्त्व मात्र पहिल्याच कलमात आले. मालकी मागे सरली आणि उपजीविका पुढे आली. आपल्याकडेही ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला. मग १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निर्णय दिला, की घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. त्या फुटपाथवासीयांना जागा काही कायमची मिळाली नाही. पण तत्त्व मात्र कायमचे मिळाले.

तो निकाल मी वाचला तेव्हा मला मुळशीची घोषणा आठवली. 'जान किंवा जमीन' यातला 'किंवा' मावळ्यांनी निरुपायाने घातला होता. जगण्याचे साधन गेले तर जगणेच जाते, हे न्यायालयाने चौसष्ट वर्षांनी मान्य केले. 'किंवा'च्या जागी 'म्हणजे' आले.

ग्रस्त आणि बाधित

या प्रवासात आपल्या भाषेनेही आपली भर घातली आहे. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त यांच्या पंगतीला 'धरणग्रस्त' येऊन बसला. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. राहूने चंद्राला ग्रासावे तसा. पण दुष्काळ आणि पूर येतात, धरण कोणीतरी आणतो. एकाच प्रत्ययात दोघांना बसवले की करणारा दिसेनासा होतो. पुढे कायद्याच्या भाषेत 'बाधित' आला. तो जरा कोरडा, पण त्यात निदान भरपाईचा आणि पुनर्वसनाचा दावा आहे. कोयनेसारख्या धरणांच्या अनुभवानंतर महाराष्ट्राने १९७६ साली विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी वेगळा कायदा केला. १८९४ चा कायदा मात्र स्वतंत्र भारतातही सहासष्ट वर्षे चालू राहिला आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, आधी सामाजिक परिणामांची पाहणी हवी. आणि बाधितांत कूळ, मजूर, कारागीरही मोजले जातात. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी दुरुस्त्या करून या अटी अनेक प्रकल्पांसाठी सैल केल्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कंपन्यांनीही माणसांच्या हक्कांचा मान राखावा, ही तत्त्वे संयुक्त राष्ट्रांनी मान्य केली ती २०११ साली, मुळशीच्या सत्याग्रहानंतर नव्वद वर्षांनी.

कायदा इतका पुढे आला तरी त्याच्या रकान्यांत न मावणारे काही उरतेच. पौडच्या एस.टी. थांब्यावर एकदा एका वृद्ध बाईंशी बोलत बसले होते. मुळशीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आज्जीचं म्हायार पान्यात ग्येलं, बाई. भाऊबीजंला भाऊच पाट्या टाकाया म्हमईला. मंग जायचं कुठं?" घराचा मोबदला देता येतो, शेताचा देता येतो. माहेराचा कोणत्या दराने द्यायचा? म्हणूनच तर आधी विचारायचे असते. जे भरून देता येत नाही ते घेण्यापूर्वी ज्याचे त्याला विचारावे, हाच संमतीच्या हक्काचा साधा अर्थ.

धरणे बांधूच नयेत, रस्ते करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पंख्याखाली बसून तसे लिहिणे ढोंगीपणाचे होईल. पण वर्तमानपत्रात 'स्थानिकांच्या विरोधामुळे प्रकल्प रखडला' अशी बातमी आली की आपण चहाचा घोट घेत म्हणतो, "या लोकांना प्रगतीच नको!" पुढच्या वेळी तसे म्हणण्यापूर्वी घरात तीन प्रश्न विचारून पाहावेत. त्यांना आधी विचारले होते का? मोजताना ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांनाही मोजले का? आणि मोबदला, जागा, काम यांतले काही मिळाले नाही तर त्यांना दाद मागायला दार आहे का? आज अशी दारे आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ साली स्थापन झाला, आपल्या राज्याचा आयोग २००१ पासून काम करतो. तिथे साध्या अर्जावर, वकिलाशिवाय तक्रार करता येते. मात्र ती घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. ही माहिती आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या रखवालदाराला आपण सांगू शकतो. त्यांतल्या पुष्कळांचे गाव कुठल्या ना कुठल्या प्रकल्पापायी सुटलेले असते. आपण कधी विचारलेले नसते, एवढेच.

बाराशे मावळे रामनवमीच्या उन्हात जाऊन बसले तेव्हा त्यांच्या बाजूने ना कायदा होता, ना जाहीरनामा, ना आयोग. आपल्याजवळ आज हे सारे आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न जिवंत ठेवणे एवढेच आता आपल्याकडे राहिले आहे, आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात जावे लागत नाही, शेजारच्या माणसाला "तुमचं गाव कुठलं?" एवढे विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे लागते.